शॉर्ट केस

सदरा काढून स्टुलावर बसायचं, एवढंच काम.
दोनशे रुपये, चहा, दुपारी पुरीभाजी.
ससूनचा वॉर्डबॉय भिसे बजावून गेलाय:
निदान सांगायचं नाय, मामा,
कुणी विचारलं तरी नाय.

हे माझं चौथं वर्ष.
पोरं नापास होतात, पुन्हा येतात,
मी दर वेळी पास.

बबन खुटवड, वय अठ्ठावन्न, धंदा हमाली,
उजव्या हाताचा.
असं लिहून घेतात.
बावीस वर्षं मार्केट यार्डात वाहिलं ते लिहायला
कागदावर रकाना नसतो.
बटाट्याचं पोतं पाठीवर घेताना
गाडीच्या फाळक्याशी काहीतरी तुटलं,
जुनं धोतर फाडल्यासारखा आवाज.
मुकादम म्हणाला, बघ रे, पोतं उसवलं की काय.

आता मला सगळं पाठ आहे.
आधी पाठीमागून बघतात.
फऱ्याच्या वर खळगा पडलाय,
घोटभर पाणी राहील एवढा.
मग धड खांदा तपासतात.
दुखऱ्याला हात लावायच्या आधी
धड कसा असतो ते बघून घ्यायचं.
घरी असं कोण करतं?

मग हात पुढं, अंगठे खाली,
रिकामा डबा उपडा करावा तसे.
ते वरून दाबतात, मी पेलायचं.
डबा रिकामाच,
तरी पेलत नाही.

पाठीमागं नेऊन तळवा कमरेवरून उचला: जमतं.
तळव्यानं पोट दाबून धरा: जमतं,
ती सवय जुनी.
मग आडवं करून, कोपर वाकवून, हात मागं मागं नेतात
आणि माझ्या तोंडाकडं बघत राहतात,
भ्यालो का म्हणून.
ते निसटणाऱ्या खांद्याचं दुखणं.
माझा निसटला नाही. फाटला.

सुप्रास्पायनेटस.
असल्या नावाचा व्यापारी यार्डात आला असता
तर कुणी उधारीवर लसणाची पाकळी दिली नसती.

सकाळपासून अकरा जण झाले.
एकाची बोटं बर्फाची.
एक माझ्याशी इंग्रजीत बोलला, मी येस म्हटलं.
एकीनं हात जिथं दुखतो तिथंच धरला
आणि दुखतंय का, विचारलं.

बारावी रोशनी पावरा, तळोद्याची.
ॲप्रनच्या बाह्या तिला लांब.
तिनं तळवे एकमेकांवर घासले,
ऊन करून मग खांद्याला लावले.
मिरजेहून आलेले परीक्षक घड्याळ बघत उभे.

सगळं बरोबर चाललेलं, मग अडकली.
एकच चाचणी राहिली, आणि तीच माझी.
ओठापर्यंत यायची, परत जायची.
मी पाच श्वास मोजले.
निदान सांगायचं नाय.

म्हटलं, बाई, पंखा फार जोरात आहे,
आणि पंखा दाखवायला म्हणून
डाव्या हातानं उजवा वर उचलला,
सोडून दिला.

पडला.
फाळक्याची कडी निघावी तसा, मांडीवर.

परीक्षकांनी माझ्याकडं बघितलं.
भिसेनं छताकडं.
तिनं माझा हात उचलला, खांद्याच्या रेषेत आणला.
सर, आता मी सोडते.
मामा, तुम्ही हळूहळू खाली आणायचा,
नाही आला तर असू दे,
खाली माझा हात आहे.

आला नाही.
तिच्या तळव्यात पडला.
चार वर्षांत तो दर वेळी
मांडीवरच आपटलेला.

पुरीभाजी तोवर गार झाली होती.
ती पास झाली का, ते आम्हाला कळवत नाहीत.
स्वारगेटच्या बसमध्ये वरचा दांडा
डाव्या हातानं धरला.
उजवा मांडीवर ठेवून दिला.
अजून जरा ऊन होता.